पावडरपफ

चेहऱ्याला पावडर लावण्याचा मऊ, गुबगुबीत पफ तुम्ही पाहिला असेल. या पफचे नाव चक्क एका कुत्र्याला मिळाले आहे. नाव ऐकून हसू येते. पण कुत्रा पाहिला की नाव पटते. डोक्यापासून शेपटीपर्यंत नुसते मऊ, लांब, रेशमी केस! हा कुत्रा लहान चणीचा असतो. उंची जेमतेम एक फूट आणि वजन पाच किलोच्या आसपास.

पावडरपफ ही वेगळी जात नाही. चायनीज क्रेस्टेड नावाच्या जातीचा तो एक प्रकार आहे. क्रेस्ट म्हणजे तुरा. नावात चीन असला, तरी ही जात मूळची चीनमधली आहे याला पक्का पुरावा नाही. या जातीच्या दुसऱ्या प्रकाराच्या अंगावर जवळजवळ केसच नसतात. डोक्यावर तुरा, शेपटीवर झुपका आणि पायांत मोजे घातल्यासारखे थोडे केस. बाकीचे अंग उघडे. अशाच सॅम नावाच्या एका कुत्र्याला अमेरिकेत २००३ ते २००५ अशी सलग तीन वर्षे ‘जगातील सर्वांत कुरूप कुत्रा’ हा किताब मिळाला. बिचाऱ्या सॅमला त्याचे काय!

आता खरी गंमत ऐका. आई बिनकेसांची, वडीलही बिनकेसांचे. तरी त्यांच्या पिल्लांत एखादे अंगभर केस असलेले निघते. हे कसे होते?

शरीर कसे घडावे याच्या सूचना जनुकांत असतात. प्रत्येक पिल्लाला एक जनुक आईकडून आणि एक वडिलांकडून मिळते. बिनकेसांच्या कुत्र्याकडे एक जनुक नेहमीचे आणि एक बदललेले असते. हे बदललेले जनुक एकच असले, तरी अंगावर केस उगवत नाहीत. शास्त्रज्ञांनी २००८ साली ते शोधून काढले. ज्या पिल्लाला दोन्हीकडून नेहमीचे जनुक मिळते, ते होते पावडरपफ. ज्याला दोन्हीकडून बदललेले मिळते, ते मात्र जन्मालाच येत नाही. आईच्या पोटातच मरते. म्हणजे आईवडील दोघेही बिनकेसांचे असले, तर सरासरी चारांपैकी एक पिल्लू जन्मापूर्वीच जाते. दोघांपैकी एक पावडरपफ असेल, तर या कारणाने एकही पिल्लू दगावत नाही.

पूर्वी काही पाळणारे केसाळ पिल्लाला कमी प्रतीचे समजत. तुम्हीच सांगा, त्यात कमी काय आहे? उलट त्याचे दात पूर्ण असतात. बिनकेसांच्या भावंडांचे काही दात बहुधा येतच नाहीत, कारण बदललेल्या जनुकाचा परिणाम दातांवरही होतो.

मात्र या केसांची निगा राखणे सोपे नाही. ते बारीक आणि मऊ असल्यामुळे चटकन गुंततात. कानांच्या मागे आणि पुढच्या पायांच्या बगलेत गुंता आधी होतो. वरून सगळे नीट दिसते आणि आत गाठ घट्ट होत जाते. कुत्रा चालला की ती गाठ कातडी ओढते. त्याला दुखते, पण तो सांगणार कसा? म्हणून केस रोज, निदान एक दिवसाआड, विंचरावे लागतात. कोरडे केस विंचरले तर तुटतात. आधी त्यांवर पाण्याचा हलका फवारा मारावा. मग थोडे थोडे केस हातात धरून टोकाकडून सुरुवात करावी आणि हळूहळू मुळाकडे जावे. एकदम मुळापासून फणी ओढली, तर कुत्रा पुन्हा फणीजवळ येणार नाही!

आंघोळ घालण्यापूर्वी सगळा गुंता सोडवावा. पाणी लागले की गाठी अधिकच आवळतात. माणसांचा साबण वापरू नये. कुत्र्यांसाठी वेगळा शॅम्पू मिळतो. तो धुऊन काढल्यावर केस मुळापर्यंत कोरडे करावेत.

त्याच्या बिनकेसांच्या भावंडाला फणी फारशी लागत नाही. पण उन्हात त्याची कातडी भाजते आणि थंडीत ते कुडकुडते. त्याला सावली हवी, हिवाळ्यात अंगात कपडा हवा. एकाच आईची ही पिल्ले, पण दोघांची काळजी अगदी निराळी.

पावडरपफ साधारण एक वर्षाचा होतो, तेव्हा पिल्लाचे केस जाऊन मोठ्या कुत्र्याचे केस येऊ लागतात. या काळात गुंता सर्वांत जास्त होतो आणि पाळणारे अगदी कंटाळून जातात. रोज वेळ देणे जमत नसेल, तर केस कापून आखूड करावेत. मग तो पफसारखा दिसत नाही, एवढेच. त्याला स्वतःला त्याचे काहीच वाटत नाही. उलट अंग हलके झाले म्हणून तो घरभर धावत सुटतो.