घरातलं सलाईन आणि सातव्या दिवसाचा रिपोर्ट

हाडात मुरलेल्या जंतुसंसर्गाला सहसा सहा आठवडे प्रतिजैविकं लागतात, हृदयाच्या झडपेवर बसलेल्याला चार ते सहा. ताप बहुधा त्याच्या कितीतरी आधी उतरतो. रुग्ण उठून बसतो, जेवतो, पेपर वाचतो, आणि तरीही कॉट सोडू शकत नाही, कारण रोज अर्धा तास शिरेतून औषध जायचं असतं. मग हा अर्धा तास घरी का नको? १९७४ साली रकर आणि हॅरिसन या अमेरिकी डॉक्टरांनी सिस्टिक फायब्रोसिसच्या मुलांना अशी औषधं घरी देता येतात, हे मांडलं. अमेरिका आणि ब्रिटनमध्ये आज त्याची रीतसर मार्गदर्शक तत्त्वं आहेत. आपल्याकडे तत्त्वांच्या आधी प्रथाच आली. खिडकीच्या गजाला टांगलेली बाटली आणि सायकलवरून येणारे कंपाउंडर कुणाला नवे आहेत? वरवर दोन्हीकडे चित्र एकच दिसतं, पण धोक्यात फार फरक आहे. माझ्या मते तो फरक जागेचा नाही, देखरेखीचा आहे.

रुग्णालय म्हणजे सुरक्षित, ही समजूत आधी तपासून घ्यावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२च्या अहवालानुसार श्रीमंत देशांत दाखल झालेल्या १०० रुग्णांपैकी सुमारे ७ जणांना आणि गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत सुमारे १५ जणांना तिथेच एखादा नवा संसर्ग जडतो. म्हणजे बऱ्या होत आलेल्या माणसाला आणखी महिनाभर वॉर्डात ठेवणं हाही एक धोकाच आहे, तो फक्त बिलात दिसत नाही.

घरच्या उपचारातले धोके मात्र वेगळ्या जातीचे असतात. पहिला सुईचा. मनगटावरची साधी इन्ट्राकॅथ अनेकदा दोन-चार दिवसांतच शीर सुजवते: जागा लाल, गरम, आणि बोटाला दोरीसारखी कडक लागते. म्हणून लांबच्या उपचारासाठी दंडाच्या शिरेतून एक बारीक, लांब नळी घालतात, ती पिक लाईन. तिचं टोक थेट हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत असतं, त्यामुळे तोंडाशी लागलेला जंतू सरळ रक्तात पोचतो. नळीचं तोंड स्पिरिटच्या बोळ्याने नीट घासायचं, वाळू द्यायचं, मगच सिरिंज जोडायची; सिरिंजही १० मिलिलिटरची, कारण लहान सिरिंजचा दाब जास्त पडतो आणि नळी फुटू शकते. वरची पारदर्शक पट्टी साधारण आठवड्याने बदलतात, पण आंघोळीत ओली झाली किंवा घामाने सुटली तर लगेच. दंड सुजला, तर आत गुठळी झाली असावी असं समजून त्याच दिवशी दाखवायचं. हे सगळं घरच्या माणसाला शिकवता येतं. पाश्चात्त्य देशांत काही रुग्ण स्वतःच शिकून घेतात.

दुसरा धोका औषधाचा, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. व्हँकोमायसिन मूत्रपिंडाला दुखवू शकतं. अमिकासिन मूत्रपिंडाला आणि कानालाही. म्हणून दर आठवड्याला, गरज पडल्यास त्याहून लवकर, रक्त तपासायचं असतं. समजा क्रिएटिनिन पहिल्या आठवड्यात ०.८ होतं आणि दुसऱ्यात १.२ आलं. लॅबच्या कागदावर दोन्ही आकडे नॉर्मलच्या रकान्यात बसतात, तांबडी खूण कुठेच नाही, घरचे निश्चिंत. पण वाढ दीडपट आहे, आणि आठवड्याभरातली दीडपट वाढ म्हणजे मूत्रपिंडाला इजा, असं डॉक्टर धरतात. हा कागद मोबाईलवर येऊन पडतो. मागच्या कागदाशेजारी ठेवून तो वाचणारं कुणीतरी हवं. वॉर्डात ते काम सकाळच्या राउंडला होऊन जातं. घरी ते कुणाकडे तरी नेमून द्यावं लागतं, आणि नेमकं तेच राहतं.

घरी रिॲक्शन आली तर, ही भीती रास्त आहे. म्हणूनच पहिला डोस रुग्णालयात, किंवा रिॲक्शन हाताळू शकणाऱ्या, ॲड्रेनलिन जवळ असलेल्या माणसासमोर द्यायचा. एका खोलीत सहा माणसं राहतात, तिथे हे कसं जमणार, हा आक्षेप त्याहून अवघड. काही घरांत नाहीच जमणार. त्यांनी रोज डे-केअरला येऊन डोस घेऊन जावा. मात्र त्यात बुडणाऱ्या मजुरीचा हिशेब कुणीतरी मांडायला हवा. आणि चोवीस तास दाखल झाल्याशिवाय पैसे न देणाऱ्या विमा पॉलिसींचाही, कारण काहींना घरी जाणं परवडत नाही ते त्यामुळेच.

तिसरा आक्षेप मला सगळ्यांत वजनदार वाटतो: सोय झाली की शिरेतली औषधं उगाच दिली जातील. यावर उत्तर म्हणून ब्रिटनमधला ओव्हिवा हा अभ्यास पुढे ठेवतो. हाडा-सांध्यांचा संसर्ग असलेले १,०५४ रुग्ण, निम्म्यांना मुख्यतः शिरेतून औषध, निम्म्यांना गोळ्या. २०१९ साली निष्कर्ष आले: वर्षभरात उपचार फसल्याचं प्रमाण शिरेवाल्यांत १४.६ टक्के, गोळीवाल्यांत १३.२. गोळ्या कमी पडल्या नाहीत. लिनेझोलिड, लिव्होफ्लॉक्सासिन यांसारख्या गोळ्या पोटातून जवळजवळ पूर्ण रक्तात उतरतात. प्रत्येक जंतूला आणि प्रत्येक रुग्णाला हे लागू नाही, निवड तज्ज्ञांचीच. पण ‘सलाईनमधून गेलं की गुण लवकर येतो’ या आपल्या श्रद्धेपायी कितीतरी सुया विनाकारण टोचल्या जात असणार.

डिस्चार्ज कार्डावर सहसा लिहिलेलं असतं, ‘इंजेक्शन चालू ठेवा, ७ दिवसांनी दाखवा.’ त्या सात दिवसांत रात्री अकरा वाजता थंडी वाजून आली तर कोणता नंबर लावायचा, ही ओळ त्याच कार्डावर पेनाने लिहून घ्यावी, आणि ती लिहिली जाईपर्यंत कॉट सोडू नये.