विश्लेषण : एडिटर एकच, मग प्रत्येकाला बटणे वेगळी का?

ऑनलाइन मजकूर लिहिताना चौकटीच्या डोक्यावर ठळक, तिरपे, लिंक, फोटो अशा बटणांची पट्टी दिसते. हाच ‘रिच टेक्स्ट एडिटर’. एकाच संकेतस्थळावर संपादकाला ही पट्टी भरगच्च दिसते, तर प्रतिक्रिया लिहिणाऱ्याला जेमतेम दोन-तीन बटणे मिळतात. यामागे सोय असतेच, पण सुरक्षिततेचाही प्रश्न असतो.

कोणाला काय मिळते?

‘वर्डप्रेस’चे उदाहरण घ्या. तिथे ‘कॉन्ट्रिब्युटर’ लेख लिहू शकतो, पण प्रसिद्ध करू शकत नाही. फोटोही चढवू शकत नाही. ‘ऑथर’ला या दोन्ही गोष्टी करता येतात. मात्र त्याने लेखात स्क्रिप्ट चिकटवली, तर जतन होताना ती गाळली जाते. साध्या, एकाच संकेतस्थळाच्या रचनेत ही मुभा ‘एडिटर’ आणि ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ यांनाच असते.

एवढी धास्ती कशाची?

ऑक्टोबर २००५. ‘मायस्पेस’वर लोक आपले पान एचटीएमएल वापरून सजवत. घातक कोड अडवणारी चाळणी होती, पण १९ वर्षांच्या सॅमी कामकारने ‘जावास्क्रिप्ट’ हा शब्दच मधे तोडून दोन ओळींत लिहिला. चाळणीला तो ओळखता आला नाही, काही ब्राउझरनी मात्र तो जोडून वाचला! सॅमीचे पान नुसते पाहिले तरी तो पाहणाऱ्याच्या मित्रयादीत जाई आणि कोडची प्रत त्याच्या पानावर उतरे. सुमारे २० तासांत दहा लाखांहून अधिक खाती या साखळीत ओढली गेली. ‘मायस्पेस’ला काही काळ सेवा बंद ठेवावी लागली. पुढे सॅमीने न्यायालयात गुन्हा कबूल केला.

बटण लपवले की झाले?

नाही. इथेच अनेक जण फसतात. बेल काढली म्हणून दार बंद होत नाही. बटण नसले तरी मजकूर बाहेरून आणून चिकटवता येतो आणि जाणकार माणूस एडिटर न उघडताही सर्व्हरला थेट मजकूर पाठवू शकतो. त्यामुळे कोणाचे काय स्वीकारायचे, हे सर्व्हरनेच तपासायला हवे. पट्टीची काटछाट ही फक्त लिहिणाऱ्याचा गोंधळ टाळण्यासाठी.

अनुभवी मंडळींचे काय?

त्यांची तक्रार उलटी असते. जुलै २०१३ मध्ये इंग्रजी विकिपीडियाने नवख्यांसाठी सोपा ‘व्हिज्युअल एडिटर’ सर्वांपुढे ठेवला. विकीची सांकेतिक भाषा हाताला बसलेले जुने संपादक वैतागले. सप्टेंबरमध्ये तो ऐच्छिक करावा लागला.