राक्षसच शिवा!
उरलेल्या कापडातून पहिलंच खेळणं शिवायचं असेल, तर ससा नको, राक्षस शिवावा. सशाचा एक कान तिरका झाला की ससा बिघडला. राक्षसाला मात्र तीन डोळे, आखूड-लांब हात, एक पाय खणाचा नि दुसरा जुन्या जीन्सचा, सगळंच शोभतं. पण आकार सैल चालला तरी शिवण सैल चालत नाही. सुलट बाजू आत ठेवून, कडेला थोडं कापड सोडून बारीक टाके घालावेत, वळणांवर टाक्यांना धक्का न लावता कात्रीने काप द्यावेत आणि उलटवण्यापुरती फट ठेवावी. आत नुसत्या चिंध्या भरल्या तर खेळणं जड होतं, धुतल्यावर लवकर वाळत नाही. 

बाजारात टेडी मिळत असताना हा खटाटोप कशाला? कारण खेळणं कशाचं करायचं, ते मुलंच ठरवतात. जर्मनीत शिवणकाम करणाऱ्या मार्गारेटे श्टाइफ यांनी १८८० मध्ये फेल्टचा हत्ती काढला तो टाचण्या खोचायला. खेळणं त्याचं मुलांनी केलं. सुबकपणाची हौस बहुधा मोठ्यांचीच. मूल घाबरेल म्हणावं, तर ज्याचे दात त्यानेच रेखाटले त्याला ते कशाला भिईल? तीन वर्षांखालच्या मुलासाठी मात्र बटणाचे डोळे नकोत; तुटलेलं बटण घशात अडकू शकतं. तिथे डोळे दोऱ्यानेच भरावेत.