कपलरची पकड

लोखंडी परांचीकडे रस्त्यावरून पाहणाऱ्यास तिचे सारे सामर्थ्य त्या लांबच लांब नळ्यांत आहे असे वाटणे स्वाभाविक असले, तरी जवळ जाऊन निरखले म्हणजे ध्यानात येते, की ४८.३ मिलिमीटर बाह्य व्यासाच्या उभ्याआडव्या नळ्या जेथे भेटतात तेथे ना भोक असते ना वेल्डिंग. त्या परस्परांस धरून राहतात त्या केवळ कपलरच्या जबड्यातील घर्षणावर.

पुण्याजवळच्या एका बांधकामावर एका मुकादमाचे काम मी बराच वेळ पाहत होतो. काटकोनी कपलर चढविण्यापूर्वी त्याने उभ्या नळीवर वाळलेला सिमेंटचा थर खरवडला, जबडा फडक्याने कोरडा केला, आणि तेलाचा थेंब सोडला तो मात्र फक्त बोल्टाच्या आट्यांवर. मग आडवी नळी अशा बेताने ठेवली, की तिचा भार कपलरच्या बैठकीवर यावा; नट दैवयोगे ढिला झालाच, तरी ती एकदम न सुटता तेथेच टेकून राहावी.

कपलरच्या नटास साधारणतः ५० न्यूटन-मीटर पीळ द्यावा असा दंडक आहे. म्हणजे वीतभर, सुमारे २० सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाशी २५ किलो वजनाइतका जोर. धडधाकट माणसाच्या एका हाताचा हा सहज नेट होय, आणि पाना आखूड ठेवण्यातले शहाणपण नेमके हेच. शेजारच्या एका नवशिक्या गड्याने पान्याच्या दांड्यात मीटरभर पाइप सारला, तेव्हा मुकादम वरूनच ओरडला, "काढ तो पाइप! आटे जातील बोल्टाचे." त्याचे म्हणणे हिशेबास धरूनच होते, कारण दांडा पाचपट झाला की तोच जोर पाचपट पीळ देतो.

ढिला नट पाना लावताच पकडला जातो. फाजील आवळलेला मात्र बाहेरून भक्कम दिसतो, आणि ताणलेला बोल्ट व वाकलेली झडप घेऊन तो कपलर बिनबोभाट गोदामात परततो व पुढच्या कामावर रुजू होतो. म्हणून मला तो अधिक घातकी वाटतो. पोलादी नळ्यांच्या परांचीविषयीची भारतीय मानक संहिता १९६७ सालची आहे, तेव्हा नियमांचा तुटवडा आहे अशी सबब कोणास सांगता येणार नाही.

मक्तेदारांस एवढीच विनंती, की कामगारांच्या हाती योग्य लांबीचाच पाना द्यावा, आणि आटे गेलेला बोल्ट गोदामात जमा करून न घेता तेथल्या तेथे भंगारात काढावा.