सालीची करामत

पांढऱ्या द्राक्षांची वाइन करताना रस लगेच पिळून घेतात आणि साली बाजूला टाकतात. त्याच साली-बिया रसात काही दिवस, कधी काही महिने राहू दिल्या, तर वाइनला तांबूस-केशरी रंग चढतो. हीच ऑरेंज वाइन. वरुड-मोर्शीच्या वाचकांना आधीच सांगितलेलं बरं, यात संत्रा नसतो! जॉर्जियात जमिनीत पुरलेल्या मातीच्या रांजणांत अशी वाइन करतात. ती पद्धत 2013 साली युनेस्कोच्या वारसा यादीत गेली.

सालीतून आणि बियांतून रसात टॅनिन उतरतं. जास्त उकळलेल्या चहाचा जिभेवर राहणारा तुरटपणा तो हाच. टॅनिन प्राणवायूला अडवतं, म्हणून नैसर्गिक वाइन करणाऱ्यांचं वाइन टिकवण्यासाठी घालायच्या गंधकाच्या अगदी कमी मात्रेत भागतं. यीस्टही ते विकत आणत नाहीत. द्राक्षांबरोबर आलेली रानटी यीस्ट आंबवणं सुरू करतात. अल्कोहोल वाढलं की त्यांतली बहुतेक गळतात आणि पुढचं काम सॅकरोमायसिस नावाचं यीस्ट पुरं करतं.

फसफसणाऱ्या वाइनमध्ये बुडबुड्यांसाठी थोडी साखर शिल्लक असतानाच वाइन बाटलीत भरून बूच घट्ट बसवतात. यीस्ट ती साखर खातं आणि कोंडलेला कार्बन डायऑक्साइड वाइनमध्येच विरघळतो. लिटरमागे 4 ग्रॅम साखरेतून साधारण एक वातावरण दाब तयार होतो. हिशेब चुकला तर बाटली फुटते. गरम द्रवात वायू कमी विरघळतो, त्यामुळे 10 अंशांवरची बाटली 40 अंशांवर गेली की आतला दाब जवळजवळ दुप्पट होतो. अकोल्याच्या मे महिन्यात अशी बाटली उघड्यावर ठेवणं म्हणजे धोकाच.

फ्रान्सच्या लुआर खोऱ्यातलं शेनिन ब्लांक हे द्राक्ष आज नाशिकमध्ये चांगलं रुजलं आहे. फसफसणारी वाइन तर नारायणगावात 1980च्या दशकातच होऊ लागली आणि आता दिंडोरीतही होते. नाशिक सुमारे 600 मीटर उंचीवर आहे, अकोला 300 मीटरच्याही खाली. उष्ण हवेत द्राक्षातलं आम्ल लवकर जळतं आणि फसफसणाऱ्या वाइनचा जीव त्या आम्लातच असतो. म्हणून वऱ्हाडाने फ्रेंच द्राक्षांच्या मागे लागू नये, असं मला वाटतं. आपल्याकडे संत्रा आहे.

पण संत्र्याची वाइन करायची तर साल उलटी वागते. संत्र्याच्या सालीतल्या तेलात लिमोनीन नावाचं द्रव्य असतं. ते यीस्टलाच मारतं. बिया आणि पाकळीवरच्या पातळ पडद्यातून दुसरं संकट येतं. तिथला एक घटक अखंड फळात कडू नसतो, पण रस काढला की आम्लाच्या संगतीत काही तासांत कडू होतो. अमरावतीत गाड्यावर पिळून लगेच हातात दिलेला रस गोड लागतो, तोच घरी नेऊन संध्याकाळी प्यायला तर तोंड वाकडं होतं. साखरही जेमतेम दहा टक्के, म्हणजे अल्कोहोल पाच-सहा टक्क्यांवरच थांबतं.

यावर उपाय आहेत. सालीचं तेल आधीच वेगळं काढता येतं आणि अत्तर-खाद्य उद्योगात ते विकलंही जातं. बिया न चिरडता हलक्या दाबाने रस काढायचा, उरलेला कडूपणा राळेच्या गाळणीवर शोषून घ्यायचा, साखर वरून घालायची. व्यापारी चुरी म्हणून बाजूला सारतात त्या बारक्या फळांचाही रस निघतोच. आंबिया बहाराचा माल आला की हीच फळं मातीमोल जातात, ते बघवत नाही. रस काढणारं यंत्र मात्र बागेच्या जवळ, वरुड-मोर्शीतच हवं. दूरच्या कारखान्यात रस पोचेपर्यंत तो कडू झालेला असेल.