पूर्वनिर्धारित मूल्ये आणि कॉन्फिगरेशन फाइल : ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रामिंगच्या संदर्भात एक विवेचन

गोषवारा

संगणक आज्ञावलीस काम सुरू करण्यापूर्वी अनेक मूल्ये ठाऊक असावी लागतात. ही मूल्ये आज्ञावलीतच लिहिली तर ती बदलणे अवघड होते. ती सर्वस्वी वापरकर्त्यावर सोपवली तर आज्ञावली सुरूच होऊ शकत नाही. या दोहोंमधील मार्ग म्हणजे कॉन्फिगरेशन फाइलमधून वाचली जाणारी पूर्वनिर्धारित मूल्ये. जावा व पायथॉन या भाषांतील सोयींच्या आधारे या पद्धतीचे स्वरूप, तिच्यातील दोष आणि ते टाळण्याचे उपाय यांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

प्रस्तावना

एखाद्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयासाठी पुस्तकांच्या देवघेवीची आज्ञावली तयार करावयाची आहे असे समजू. पुस्तक किती दिवसांसाठी द्यावयाचे, विलंब झाल्यास प्रतिदिन किती शुल्क आकारावयाचे, पावती कोणत्या भाषेत छापावयाची, असे प्रश्न आरंभीच उभे राहतात. एका महाविद्यालयात मुदत ७ दिवसांची असेल, तर दुसऱ्यात १५ दिवसांची. ही संख्या क्लासच्या आत थेट लिहिली, तर प्रत्येक महाविद्यालयासाठी आज्ञावली नव्याने संकलित करावी लागेल. म्हणून बदलणारी मूल्ये आज्ञावलीतून बाहेर काढून साध्या मजकूर-फाइलमध्ये ठेवण्याची प्रथा रूढ झाली. या फाइलमध्ये डावीकडे नाव, मध्ये बरोबरचे चिन्ह आणि उजवीकडे मूल्य अशा ओळी असतात.

तथापि ग्रंथपालाने फाइलमध्ये एखादे मूल्य लिहिलेच नाही तर काय, हा प्रश्न उरतोच. अशा वेळी जे मूल्य लागू होते त्यास पूर्वनिर्धारित मूल्य म्हणतात. ज्याने निवड केलेली नाही, त्याच्या वतीने आज्ञावलीकाराने आधीच करून ठेवलेली निवड असे त्याचे स्वरूप आहे. बहुसंख्य वापरकर्ते सेटिंग बदलण्याच्या फंदात पडत नाहीत. त्यामुळे ही निवड प्रत्यक्षात अंतिम निर्णयच ठरते.

मूल्यांची उतरंड

पूर्वनिर्धारित मूल्ये एकाच ठिकाणी नसतात; त्यांची एक उतरंड असते. सर्वांत खाली आज्ञावलीसोबत येणारी मूल्ये, त्यावर संपूर्ण यंत्रासाठीची फाइल, त्यावर विशिष्ट वापरकर्त्याची फाइल आणि सर्वांत वर आज्ञा देताना लिहिलेले मूल्य. वरच्या थरात मूल्य सापडले तर ते घ्यावयाचे, न सापडल्यास खालच्या थरात पाहावयाचे, हा नियम. २००५ साली निर्माण झालेल्या गिट या प्रणालीत संपूर्ण यंत्र, वापरकर्ता आणि विशिष्ट प्रकल्प असे तीन थर याच तत्त्वावर योजलेले आहेत. प्रकल्पाच्या फाइलमधील मूल्य इतर दोहोंवर मात करते.

जावातील प्रॉपर्टीज क्लास

जावा भाषेत या कामासाठी प्रॉपर्टीज हा क्लास अगदी पहिल्या आवृत्तीपासून, म्हणजे १९९६ पासून उपलब्ध आहे. या क्लासचे ऑब्जेक्ट निर्माण करताना त्यास दुसरे प्रॉपर्टीज ऑब्जेक्ट पूर्वनिर्धारित म्हणून देता येते. प्रथम आज्ञावलीसोबतची फाइल एका ऑब्जेक्टमध्ये वाचावयाची. मग तो ऑब्जेक्ट देऊन दुसरा निर्माण करावयाचा आणि त्यात ग्रंथपालाची फाइल वाचावयाची. यानंतर ‘गेट-प्रॉपर्टी’ या मेथडला नाव दिले असता ती आधी स्वतःच्या तक्त्यात शोधते आणि तेथे न सापडल्यास पूर्वनिर्धारित तक्त्याकडे वळते. अशी साखळी कितीही लांब करता येते. म्हणजेच वर वर्णिलेली उतरंड येथे ऑब्जेक्टांच्या साखळीने साकार होते.

या रचनेचा आणखी एक लाभ आहे. ‘स्टोअर’ या मेथडने सेटिंग जतन केली असता केवळ स्वतःच्या तक्त्यातील मूल्येच फाइलमध्ये लिहिली जातात. पूर्वनिर्धारित मूल्ये लिहिली जात नाहीत. त्यामुळे पुढील आवृत्तीत एखादे पूर्वनिर्धारित मूल्य सुधारले गेले, तर ज्यांनी ते बदललेले नाही अशा सर्वांना त्या सुधारणेचा लाभ आपोआप मिळतो.

मात्र या क्लासच्या घडणीत एक प्रसिद्ध दोषही आहे. प्रॉपर्टीज हा हॅशटेबल या क्लासचा वारस आहे. परिणामी हॅशटेबलची ‘गेट’ ही मेथडही त्याच्याकडे येते, आणि ती पूर्वनिर्धारित तक्त्याकडे पाहतच नाही. एकाच ऑब्जेक्टला एकच नाव विचारले असता एक मेथड ‘७’ असे उत्तर देते आणि दुसरी काहीच सापडले नाही असे सांगते. जोशुआ ब्लॉक यांनी ‘इफेक्टिव्ह जावा’ या २००१ च्या ग्रंथात वारसा अयोग्य ठिकाणी वापरल्याचे उदाहरण म्हणून याच क्लासचा उल्लेख केला आहे. सेटिंगचा तक्ता हा हॅशटेबलचा प्रकार नव्हे; तो हॅशटेबलचा उपयोग करतो, एवढेच. म्हणून स्वतःचा ‘ग्रंथालय-सेटिंग’ असा क्लास लिहून प्रॉपर्टीजचे ऑब्जेक्ट त्याच्या आत खासगी ठेवणे आणि बाहेर केवळ ‘मुदतीचे दिवस’, ‘प्रतिदिन शुल्क’ अशा अर्थपूर्ण मेथड देणे श्रेयस्कर होय.

पायथॉनमधील कॉन्फिगपार्सर

पायथॉनमध्ये हेच काम कॉन्फिगपार्सर करतो. त्याच्या फाइलमध्ये विभाग असतात आणि ‘डिफॉल्ट’ नावाच्या विशेष विभागातील मूल्ये इतर सर्व विभागांना लागू होतात. एकामागून एक फाइली वाचल्यास नंतरच्या फाइलमधील मूल्य आधीच्या मूल्याची जागा घेते. येथे ‘रीड’ आणि ‘रीड-फाइल’ या दोन मेथडमधील भेद महत्त्वाचा आहे. ‘रीड’ला दिलेली फाइल अस्तित्वात नसेल तर ती निमूटपणे पुढे जाते, ‘रीड-फाइल’साठी फाइल आधी उघडावी लागते, त्यामुळे फाइल नसल्यास चूक तत्काळ उघड होते. म्हणून पूर्वनिर्धारित मूल्यांची आवश्यक फाइल ‘रीड-फाइल’ने आणि वापरकर्त्याची ऐच्छिक फाइल ‘रीड’ने वाचावी. जे असलेच पाहिजे त्याच्या अभावाविषयी मौन बाळगणे हा दोष. जे असले तरी चालेल त्याच्या अभावाविषयी तक्रार करणे हाही दोषच.

मौन बाळगणाऱ्या चुका

फाइलमधून वाचलेले प्रत्येक मूल्य आरंभी केवळ अक्षरांची मालिका असते. त्याचे संख्येत वा होकार-नकारात रूपांतर करताना चुका उद्भवतात. पायथॉनमध्ये ‘फॉल्स’ हा शब्द नुसत्या ‘बूल’ला दिला तर उत्तर होकारार्थी येते, कारण रिकामी नसलेली प्रत्येक अक्षरमालिका तेथे सत्य मानली जाते, यासाठी ‘गेट-बूलियन’ ही मेथड वापरावी लागते. जावाची ‘पार्स-बूलियन’ याउलट ‘ट्रू’खेरीज प्रत्येक शब्दास नकार मानते, ग्रंथपालाने इंग्रजीत ‘येस’ लिहिले तरी अर्थ ‘नाही’ असाच होतो. प्रॉपर्टीज फाइलमध्ये मूल्याच्या शेवटी चुकून राहिलेली मोकळी जागाही मूल्याचाच भाग मानली जाते आणि संख्येत रूपांतर करताना अडथळा आणते.

सर्वांत फसवी चूक म्हणजे नावातील चूक. ग्रंथपालाने ‘मुदत’ऐवजी ‘मूदत’ लिहून १५ हे मूल्य दिले, तर आज्ञावलीस ‘मुदत’ सापडत नाही आणि ती निमूटपणे ७ हे पूर्वनिर्धारित मूल्य घेते. कोठेही चूक दिसत नाही. मात्र आठव्या दिवसापासून विद्यार्थ्यांना नाहक शुल्क पडू लागते. म्हणून अनोळखी नाव आढळताच आज्ञावलीने सूचना द्यावी, तसेच आरंभीच प्रत्येक मूल्य कोणत्या थरातून आले याची नोंद करावी.

देवनागरी लिपीचा प्रश्न

मराठी आज्ञावलीकारांच्या दृष्टीने एक बाब विशेष लक्षणीय आहे. प्रॉपर्टीज क्लास बाइट-प्रवाहातून फाइल वाचताना ती आयएसओ ८८५९-१ या संकेतपद्धतीत आहे असे गृहीत धरतो. या पद्धतीत देवनागरी अक्षरे नाहीत. ‘मराठी’ या शब्दात युनिकोडची ५ चिन्हे असून यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकास ३ याप्रमाणे १५ बाइट लागतात. वरील गृहीतकामुळे त्यांची १५ निरर्थक चिन्हे होतात. यावर उपाय म्हणून प्रत्येक अक्षर त्याच्या युनिकोड क्रमांकाने लिहावे लागे. २००६ मधील जावाच्या सहाव्या आवृत्तीपासून संकेतपद्धती स्पष्ट सांगून फाइल वाचण्याची सोय झाली. पायथॉनमध्येही ‘रीड’ला संकेतपद्धती सांगता येते आणि ती सांगणेच हितावह आहे. फाइल योग्य रीतीने वाचली गेल्यास दोन्ही भाषांतील पूर्णांकात रूपांतर करणाऱ्या नेहमीच्या सोयी देवनागरी अंक स्वीकारतात. ग्रंथपालाने ‘१५’ असे लिहिले तरी चालते. संकेतपद्धतीविषयीचे गृहीतक हेही एक पूर्वनिर्धारित मूल्यच होय, आणि ते ठरवताना देवनागरीचा विचार झालेला नव्हता.

पूर्वनिर्धारित मूल्य आणि उत्तरदायित्व

चुकीच्या पूर्वनिर्धारित मूल्याची झळ ग्रंथालयाच्या शुल्कापुरती मर्यादित राहत नाही. २०१६ मध्ये मिराई या घातक आज्ञावलीने इंटरनेटला जोडलेले कॅमेरे व राउटर मोठ्या संख्येने ताब्यात घेतले. त्यासाठी तिने कारखान्यातून आलेली आणि मालकांनी कधीच न बदललेली नावे व पासवर्ड वापरून पाहिले. जानेवारी २०१७ मध्ये इंटरनेटवर उघडे राहिलेले मोंगोडीबीचे हजारो डेटाबेस पुसून खंडणी मागण्यात आली. त्यांवर पासवर्डचे बंधन नव्हते. त्याच वर्षीच्या ३.६ या आवृत्तीपासून ही प्रणाली, वेगळे सांगितले नसल्यास, केवळ स्वतःच्या यंत्रावरूनच जोडणी स्वीकारते. ब्रिटनमध्ये तर एप्रिल २०२४ पासून ग्राहकोपयोगी उपकरणांत सर्वांना समान असा पासवर्ड ठेवण्यास कायद्याने मनाई आहे.

या घटनांतून एक निकष हाती येतो. जेथे चुकीचे मूल्य सहज दुरुस्त होऊ शकते, तेथे सोयीचे पूर्वनिर्धारित मूल्य द्यावे. जेथे चुकीने कायमची हानी संभवते, तेथे सर्वांत सुरक्षित मूल्य द्यावे. आणि जेथे कोणतेही मूल्य सर्वांना सुरक्षित नाही, उदाहरणार्थ पासवर्ड, तेथे पूर्वनिर्धारित मूल्यच देऊ नये. अशा वेळी आज्ञावलीने सुरू होण्यास नकार द्यावा.

निष्कर्ष

पूर्वनिर्धारित मूल्ये फाइलमधून वाचणे ही वरकरणी किरकोळ वाटणारी बाब आहे. तथापि थरांचा क्रम निश्चित करणे, आवश्यक व ऐच्छिक फाइलींत भेद करणे, मूल्यांची आरंभीच तपासणी करणे, संकेतपद्धती स्पष्ट सांगणे आणि हे सर्व एका क्लासच्या आत बंदिस्त ठेवणे, या पाच गोष्टी पाळल्या तरच ही पद्धत विश्वसनीय ठरते. सेटिंगची फाइल कधीही न उघडणाऱ्या वापरकर्त्यालाही आज्ञावलीकडून योग्य वागणूक मिळावी, याची जबाबदारी मूल्य निवडणाऱ्या आज्ञावलीकारावरच राहते.