परसातला टोमॅटो उभ्याउभ्या का मरतो?

जुलै २०२३ मध्ये टोमॅटो किलोला १०० रुपयांच्या वर गेला, तेव्हा मजुरीवर चालणाऱ्या कित्येक घरांच्या आमटीतून तो नाहीसा झाला. त्याची जागा पुन्हा चिंचेने आणि आमसुलाने घेतली. आमच्या हेदवीत टोमॅटो घाटावरून येतो, गाडीभाडे डोक्यावर घेऊनच. तेव्हा आम्ही ठरविले, की घरामागे चार रोपे लावायचीच.

ठरविले खरे, पण पहिल्या वर्षी फजिती झाली. सप्टेंबरच्या आरंभी, पाऊस पुरता गेला नसतानाच १२ रोपे लावली. कारकुनाची सवय म्हणून वहीत तारखाही लिहून ठेवल्या. ऑक्टोबरच्या उन्हात एके सकाळी दोन रोपांनी माना टाकल्या. पाने हिरवीच, पण मलूल. पाणी कमी पडले असे वाटून आम्ही दोन तांबे जास्त घातले. आठवड्याभरात ९ रोपे गेली. शेजारच्या काकी पाहायला आल्या नि म्हणाल्या, "इथं मागल्या साली वांगी होती ना?" होती. चूक तिथेच झाली होती.

दुखणे कोणते?

याला मर रोग म्हणतात. मातीतला एक जिवाणू मुळांवाटे आत शिरतो आणि खोडातील पाण्याच्या वाटा बंद करतो. जमिनीत ओल असूनही रोप तहानेने मरते. खात्री करायची तर मेलेल्या रोपाचे खोड बुंध्याशी कापून कापलेले टोक काचेच्या ग्लासातील स्वच्छ पाण्यात धरावे. थोड्या वेळात दुधासारखे धागे खाली उतरले, तर हाच रोग समजावा. रोप एकदा धरले गेले की औषध चालत नाही. कोकणची आम्लधर्मी तांबडी माती, ओल आणि ऊब या जिवाणूला मानवते.

वऱ्हाडात टोमॅटोला भेदरे म्हणतात, तर त्याचे जुने नाव बेलवांगी. त्या नावातच नाते दिसते. टोमॅटो, वांगी, मिरची आणि बटाटा ही एकाच कुळातली भावंडे. एकाचे दुखणे दुसऱ्याला लागते.

आता आम्ही काय करतो?

रोगट रोप मुळासकट उपटून जाळतो. त्या जागी दोन-तीन वर्षे या चौघांपैकी काहीही लावत नाही. वाल, चवळी किंवा मका लावतो. रोगट जागेचे पाणी दुसऱ्या वाफ्यात जाऊ देत नाही.

बी ऑक्टोबरमध्ये, पाऊस संपल्यावर टाकतो. २५ ते ३० दिवसांची रोपे नोव्हेंबरच्या गारव्यात उंच गादीवाफ्यावर, दोन-दोन फुटांवर लावतो. खड्ड्यात कुजलेले शेणखत आणि चुलीची मूठभर राख घालतो. लावल्यापासून दोन-अडीच महिन्यांत फळे हाती येतात.

बियाणे घेताना कृषी कार्यालयात किंवा दापोलीच्या कृषी विद्यापीठात चौकशी करावी. बंगळुरूच्या संशोधन संस्थेचा 'अर्का रक्षक' हा संकरित वाण मर रोगाला चांगला तोंड देतो. मात्र संकरित फळातले बी पुढच्या वर्षासाठी धरू नये. रोपे तशीच निपजत नाहीत.

रोजची निगा

पाणी बुंध्याशी द्यावे, पानांवर मारू नये. कधी भरपूर, कधी मुळीच नाही असे झाले, की फळाच्या तळाशी काळा, चामड्यासारखा डाग पडतो. तो रोग नव्हे, पाण्याची हेळसांड आहे. ताजे मासे धुतलेले पाणी बुंध्यापासून वीतभर दूर घालावे. खाऱ्या सुक्या मासळीचे पाणी मात्र नको. मीठ मुळांना बाधते.

रोपाला बांबूची काठी द्यावी. पाने मुरडून बारीक झालेले रोप लगेच काढावे. पांढरी माशी तो रोग घरोघर नेते. कडेला झेंडू लावला, तर फळे पोखरणारी अळी बरीचशी तिकडे वळते. माकडांसाठी बंदरावरून मागून आणलेले जुने जाळे वरून टाकावे.

हिशेब

दुसऱ्या वर्षी १२ पैकी १० रोपे जगली. जानेवारीपासून शिमग्यापर्यंत घरात टोमॅटो विकत आणला नाही, आणि काकींकडेही वाटीभर रोज गेला.

ज्यांच्या नावावर गुंठाभरही शेत नाही, त्यांनी सिमेंटची रिकामी गोणी घ्यावी. खाली भोके पाडावीत, वांगी-मिरची कधी न लावलेल्या जागेची माती आणि शेणखत भरावे, आणि एका गोणीत एकच रोप लावावे. वाडीतील दोघी-तिघींनी मिळून एकच बियाण्याची पुडी आणली, तर खर्चही वाटला जाईल. आणि मेलेले रोप पाहून नशिबाला दोष देण्याआधी मागल्या साली तिथे काय होते, हे काकींसारखे विचारावे.